पितराला डबा पाठवत नसतात

आमच्या मामंजींना जाऊन बरीच वर्षं झाली, पण दर भाद्रपदात ते घरी येतात, पाटावर बसतात आणि मला कढी आंबट झाल्याचं सांगतात.

घाबरू नका. येतात ते लिंबाजीआबा, आमचे शेजारी. आमच्याकडे पितृपंधरवड्यात, ज्या तिथीला घरचं माणूस गेलं त्या तिथीला, त्याच्या नावानं एखाद्याला जेवायला बोलावतात. त्याचे पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं, आधी त्याला वाढायचं, तो उठला की मग घरच्यांनी बसायचं. तेवढ्या दुपारपुरता तो पाहुणा म्हणजेच गेलेलं माणूस. बाकी ठिकाणी असे पाहुणे गपगुमान खीर-वडे खातात, ढेकर देतात आणि वाटेला लागतात. लिंबाजीआबांना ते मंजूर नव्हतं. "पितर बसायचं तर पितरावानी बसावं," ते म्हणायचे. "नुस्तं गिळायला तर कावळाबी येतो की."

माझं माहेर परभणी शहरातलं, नोकरी झेडपीच्या शाळेत. झरीच्या पुढे आत असलेल्या या गावात सून म्हणून आले तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मामंजी गेल्यानंतरचं पहिलं पितर होतं. आबा आले. पांढरं धोतर, नीळ जरा जास्तच झालेला सदरा. पाटावर टेकेपर्यंत ते आबाच होते. टेकले, आणि त्यांनी डावा गुडघा वर घेतला, मान तिरपी केली, कढीची वाटी उचलून नाकाशी नेली. माझ्या अंगावर काटा आला. मामंजी अगदी असंच करायचे. मग मामंजींच्याच खालच्या आवाजात शब्द आले, "सुनंदा, कढी लय आंबट झाली बाळा."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं खुलासा केला, "मी न्हाई म्हनत. ते म्हनायलेत."

आत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मामंजी गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. कढी खरोखरच आंबट होती, ती गोष्ट वेगळी.

आबांना गावातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाची अशी याद होती, कारण जन्मभर त्यांनी पिठाची गिरणी चालवली. दळण होईपर्यंत माणूस गिरणीत थांबतो, आणि थांबला की बोलतो. गिरणीच्या घरघरीत आपलं कुणाला ऐकू जात नाही या समजुतीनं मोठ्यानं बोलतो. कुणाला सुनेच्या हातचं आवडत नाही, कुणाला जाडसर पिठाची भाकर लागते, कोण जेवताना बोलतं आणि कोण नुसतं हुंकारतं, हे सगळं आबांच्या कानावरून गेलं आणि तिथंच राहिलं. गिरणी विकली, पण हा माल त्यांनी कुणाला विकला नाही.

त्यामुळे पंधरवडा लागला की आबांना फुरसत नसायची. शेषराव नावाचे एक गृहस्थ रोज संध्याकाळी थोडी घेत. त्यांच्या नावानं बसले की आबा पाण्याचा पेला उचलायचे, डोळे मिटून एका दमात रिकामा करायचे आणि मिशी पुसून म्हणायचे, "आता बोला." शेषरावांची बायको आधी हसायची आणि मग चुलीपाशी जाऊन रडायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आबांनाच बोलवायची.

एका घरात दोन भावांचं बांधावरून भांडण होतं. वडील एक, तिथी एक, पण पितरं दोन, गल्लीच्या अल्याड-पल्याड. दोघांनीही आबांनाच सांगितलेलं. आबा थोरल्याकडं बसले, वरण-भात खाल्ला आणि खरकट्या हातानं उठले. थोरला म्हणाला, "आबा, खीर राहिली." आबा म्हणाले, "खीर धाकट्याकडं खानार." आणि तसाच हात वर धरून गल्ली ओलांडून गेले. गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला झाली. धाकट्याकडं खीर खाल्ली, आणि वडे मागायला पुन्हा थोरल्याकडं. "मी न्हाई म्हनत, ते म्हनायलेत. त्यायला एका जागी पोट भरना झालंय." पुढच्या वर्षी भावांनी एकच चूल पेटवली. बांधाचं भांडण अजून आहे, ते असो.

आबांना मूलबाळ नाही. बायको कौसाबाई, आमच्या कौसाकाकू, केव्हाच गेली. शेत बटईनं, म्हणजे वाट्यानं दिलेलं, दुपारच्या भाकरी आमच्या घरून जातात. वर्षभर हा माणूस ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुनीकडं?" विचारतो आणि लोक चालता चालता "इकडंच" म्हणून निघून जातात. भाद्रपदात मात्र त्यांना हाताला धरून घरात नेतात. पाट मांडतात, पाय धुतात. "आबा, अजून एक वडा घ्या" म्हणून मागं लागतात. या पंधरा दिवसांच्या शिदोरीवर ते उरलेलं वर्ष काढतात, हे मला शेजारी राहून उशिराच कळलं. कळलं तेही कोरोनामुळं.

त्या वर्षी शाळा बंद होती आणि आम्हा शिक्षकांना दारोदार फिरून लोकांचा ताप आणि ऑक्सिजन बघायचं काम लागलं होतं. कपाळाशी ते तापाचं यंत्र धरलं की आबा डोळे मिटून घ्यायचे. "आवाज येत न्हाई का गं याचा?" दर वेळी विचारायचे. यंत्र गप्प, म्हणून त्यांचा त्यावर भरवसा नव्हता.

पोळा झाला, गणपती घरच्या घरी बसले आणि उठले, आणि पितरांचा प्रश्न आला. मारुतीच्या पारासमोर चुन्याची वर्तुळं आखून त्यांत माणसं बसवली. सरपंच, ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती मंदाबाई, मी, आणि ज्यांच्या घरी पितर होतं ते सगळे. ग्रामसेवक म्हणाले, घरोघर जेवायला माणूस फिरवता येणार नाही. कावळ्याला घास ठेवा आणि हात जोडा. सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. आबा सगळ्यात शेवटच्या वर्तुळात बसले होते, मास्क नाकाखाली.

"पितराला कोरोना हुतो का?" त्यांनी विचारलं.

"पितराला न्हाई हुत," मंदाबाई म्हणाल्या, "पन आबा, तुमाला हुतो. अन् तुमाला झाला की मग पुढच्या साली तुमच्या नावानं कुनाला बसवायचं?"

लोक हसले. आबासुद्धा हसले, पण त्यांचं हसू मास्कच्या वर, डोळ्यांपर्यंत आलं नाही. 

कुणीतरी सुचवलं, आबांच्या घरीच डबे पोचवू. ज्याचं पितर असेल त्यानं ओट्यावर डबा ठेवायचा आणि निघून जायचं. वाईट तोड नव्हती. पण आबा ताडकन उभे राहिले. "पितराला डबा पाठवत नसतात! ते काय दवाखान्यात भरती हाय का? पितर घरी येत असतंय. सोताच्या घरी. आपली मानसं बघायला येतंय ते, खीर खायला न्हाई येत."

 त्या दिवशी निर्णय झालाच नाही. "दोन दिसात बगू," सरपंच म्हणाले आणि उठले.

माझ्या नणंदेची मुलगी प्राची तेव्हा पुण्याहून येऊन आमच्याकडे राहिली होती. कंपनीचं काम घरून, आणि घरात रेंज नाही म्हणून काम गच्चीवरून, डोक्यावर छत्री घेऊन. तिचे वरचे साहेब अमेरिकेतले. रात्री जेवताना ती म्हणाली, "मामी, हे तर त्यांचं हॅलोविनच आहे. तिकडे मुलं भुतांची सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागत फिरतात. यंदा त्यांच्याकडेपण हीच चर्चा, पाठवायचं का नाही, कसं पाठवायचं. काही लोक म्हणे लांब नळीतून खाऊ सोडणार आहेत, म्हणजे हात लागायला नको."

दुसऱ्या दिवशी भाकरी देताना मी हे आबांना सांगितलं. त्यांना फार बरं वाटलं. एवढ्या लांबच्या लोकांनाही हीच अडचण आहे म्हटल्यावर त्यांची एकट्याची तक्रार राहिली नव्हती. जरा विचार करून त्यांनी विचारलं, "तिकडं पितर कोन बसतंय?"

"लहान लेकरं."

"लेकरं?" आबांना धक्काच बसला. "लेकरायला काय याद असनार? कोन कसं जेवायचं ते त्यायला म्हाईत तरी असतंय का?"

"तिकडे तसं काही नसतं आबा. नुसतं सोंग."

"हां," ते म्हणाले. "मग त्यायला जमतंय." आणि अमेरिकेचा विषय त्यांनी मिटवला.

नळीचा विषय मात्र मिटला नाही. तो प्राचीकडून आमच्या गल्लीतल्या बळीरामकडे गेला. बळीरामकडे सोयाबीनला पाणी द्यायचे तुषारचे पाईप पडून होते आणि त्याच्या वडिलांचं पितर पंचमीला होतं. पंचमीला त्यानं पाईप गरम पाण्यानं आतून धुतला, एक टोक ओट्यावर आणि दुसरं खाली अंगणात बसलेल्या आबांच्या ताटाशी लावलं. पहिला वडा सुसाट आला, ताटावरून उडाला आणि थेट कोंबड्यांत गेला. दुसऱ्या वड्याला आबांनी दोन्ही हातांनी झेल घेतला. नंतर कांद्याची भजी सोडली, ती मधेच अडकली. बळीरामनं मागून तूरकाठी घातली. भजी निघाली, पण तिला भजी म्हणणं जिवावर आलं. कढी सोडायची की नाही यावर नवरा-बायकोत वाद सुरू झाला, तेव्हा आबा बळीरामच्या वडिलांच्या आवाजात कडाडले, "अरे हरामखोरा, बापाला पानी देतोस का पऱ्हाटीला?"

पाईप गेला. तिकडे थोरल्या-धाकट्या भावांनी मोबाईलवर बोलावून पाहिलं. मोबाईल पाटावर, पुढं ताट, आणि मोबाईलमध्ये आबा. सुरुवात झकास झाली. "पोरांनो, बांधाचं काय केलं?" असं विचारायला वडिलांनी तोंड उघडलं आणि रेंज गेली. वडील तोंड उघडून तसेच थांबले. दोघं भाऊ हात जोडून बराच वेळ त्या थिजलेल्या वडिलांपुढं बसून राहिले. धाकट्याच्या बायकोनं मला सांगितलं, "म्याडम, लय भ्या वाटलं बगा. मरतानाबी त्यायचं तोंड असंच हुतं." मोबाईलही गेला.

मग मंदाबाईंनीच तोड काढली. आबांनी मास्क लावून यायचं, आपला पाट, आपलं ताट, आपला तांब्या घेऊन यायचं. बसायचं अंगणात, गल्लीच्या कडेला. घरच्यांनी दारात थांबायचं. मधे एक दगड. वाढलेलं दगडावर ठेवून मागं सरायचं, मग आबांनी ते उचलायचं. पाय ज्याचे त्यानं धुवायचे. ग्रामसेवकांनी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

आबा निघायचे ते बघण्यासारखं होतं. काखेत पाट, एका हातात ताट, दुसऱ्यात तांब्या, तोंडावर प्राचीनं दिलेला काळा मास्क. एक अडचण मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. एरवी घरात पाटावर बसून पितर हळू बोलायचं. आता ते गल्लीच्या कडेला आणि घरचे दारात, म्हणजे पितराला ओरडावं लागायचं. शेषरावांनी बायकोला विचारलेला "कोपऱ्यातलं गाडगं कुठं लपवलंस?" हा प्रश्न अख्ख्या गल्लीनं ऐकला. आमच्या मामंजींनी माझ्या कढीबद्दल जे सांगितलं, ते माझ्या वर्गातल्या पोरांनी पुढं शाळा उघडेपर्यंत लक्षात ठेवलं. पण लोक दाराशी आले, ओट्यावर आले, एकमेकांच्या पितरांना हसले, आणि कितीतरी महिन्यांनी आमच्या गल्लीत माणसांचा आवाज झाला. आबा रोज भरल्या पोटानं घरी जायचे आणि दारातून मला हात करायचे.

अष्टमीच्या संध्याकाळी ते आमच्या कुंपणाशी आले. मास्क नीट नाकावर. म्हणजे काहीतरी गंभीर होतं.

"सूनबाई, उद्या नवमी हाय."

नवरा मागं ठेवून गेलेल्या बायकांचं पितर नवमीला घालतात. त्या दिवशी पुरुष पाहुणा चालत नाही, सवाष्ण बसवावी लागते. त्यामुळे आबांना त्या दिवशी कुणाचंच बोलावणं नसायचं. दरवर्षी ते सकाळच्या यष्टीनं गंगाखेडला जात आणि दिवेलागणीला परत येत. गोदावरीवर कौसाकाकूंचं सगळं करून येतात, असं गाव समजायचं.

"औंदा यष्टी न्हाई," ते म्हणाले. "घरीच करावं म्हनतो. कौसाच्या नावानं तू सवाष्न बसतीस का? लांबून, अंगनातच."

मी गावभर फिरणारी, म्हणजे धोका माझ्यापासूनच त्यांना. पण अंगणात, लांब, मधे दगड ठेवून जमण्यासारखं होतं. मी हो म्हटलं. मग सहज विचारलं, "काय करायचं जेवायला? काकूंना काय आवडायचं?"

आबा कुंपणाच्या काठीची साल नखानं काढू लागले. मला वाटलं, ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं.

"मला म्हाईत न्हाई," ते म्हणाले.

मला हसू आलं होतं, ते तसंच राहिलं. आबा अजून साल काढत होते. "मी गिरनीहून यायचो. ती वाढायची. मी उठलो की ती बसायची, आत, चुलीपशी. मी तवर बाजेवर पडलेला. ती जेवताना मी बघितलंच न्हाई गं कधी. डावा गुडघा वर घेती का उजवा, आधी भात खाती का भाकर... काय बी म्हाईत न्हाई."

"मग गंगाखेडला काय करता?"

"बसतो गंगेकाठी. नारळ सोडतो. नारळ कुनालाबी चालतंय."

 आबा वळले, पण घरी गेले नाहीत. गल्लीत उतरले. गयाबाईंच्या ओट्यासमोर उभे राहून, पितरांचं करून करून सवय झाली होती तसे, मोठ्यानं ओरडले, "गयाबाई, आमची कौसा काय आवडीनं खायची वो?"

अख्खी गल्ली बाहेर आली. गयाबाई काकूंच्या जोडीनं खुरपायला जायच्या. त्या म्हणाल्या, "शिळी भाकर. ताकात कुस्करून. रोज त्येच आनायची शेतात." पलीकडून कुणी सांगितलं, भाताची खरवड, पातेल्याच्या बुडाची. आणखी कुणी म्हणालं, आमटीचा तळ, घट्ट झालेला. आबा प्रत्येकीकडे वळून मान हलवत होते. "शिळी भाकर... खरवड..." पुटपुटत होते. चेहऱ्यावर उजेड आला होता. हे तर सोपं होतं, एवढं तर त्यांनाही करता आलं असतं.

तेवढ्यात आमच्या ओट्यावरून आत्याबाई म्हणाल्या, "गये, आवडीनं न्हाई खायची ती. उरायचं म्हून खायची."

 गल्लीतल्या सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. आबा तिथंच उभे, पुढं जावं की मागं, कळत नसल्यासारखे.

आत्याबाईंनी पदर सावरला. त्या आबांशी सरळ कधी बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या. "भाऊजी, तुमी एकदा परभनीला मोटर दुरुस्तीला गेलते अन् तिथंच मुक्काम पडला. तवा ती आमच्याकडं आली हुती. मी भाकरी करायलते. म्हनलं, बस. तव्यावरची काढली अन् तिच्या ताटात टाकली. शेंगदान्याची चटनी, वर कच्चं तेल. बास. एक झाली की दुसरी टाकली. खाता खाता म्हनली, 'बाई, गरम भाकरीचा वासच येगळा असतो वो.' डोळे मिटून खायली हुती. पुना कितीदा बस म्हनलं, पन बसली न्हाई. लाजायची."

आबांनी मास्क खाली ओढला, पुन्हा वर घेतला. "बरं," एवढंच म्हणाले आणि घरात गेले.

नवमीला मी काकूंच्या नावानं हळदीकुंकू लावून, हिरवं लुगडं नेसून त्यांच्या अंगणात बसले. आबांनी बाहेरच तीन विटांची चूल मांडली होती. आत्याबाईंच्या आग्रहाखातर वाटीभर खीर होती, बाकी खीर-वड्यांचा थाट नव्हता. शेंगदाण्याची चटणी होती, करडीचं तेल होतं, आणि परातीत ज्वारीचं पीठ.

जन्मभर पीठ दळलेल्या माणसाला भाकर येत नव्हती. पिठाला चिमटीत धरून त्याची जात सांगणारे आबा परातीपुढं हरले. पहिली भाकर परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिच्या दोन झाल्या. दुसरीला मधे भोक. आमच्या ओट्यावरून आत्याबाई ओरडून सांगत होत्या, "पानी लावा, पानी! जोर नका लावू, ती काय गिरनीचा पट्टा हाय का?" बळीरामची बायको कुंपणावरून, गयाबाई त्यांच्या दारातून, सगळ्या जणी सांगत होत्या. आबांच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं.

तिसरी फुगली. अर्धीच फुगली, पण फुगली. आबांनी ती दुरडीत टाकली, धावतच आणली, मधल्या दगडावर ठेवली आणि मागं सरले. "घे. गार हुईल."

मी भाकर मोडली. वाफ आली. चटणी-तेलात पहिला घास बुडवला आणि माझे डोळे भरले. लग्न झाल्यापासून मला कुणी बसवून तव्यावरची भाकर वाढली नव्हती, हे मला तोंडात घास असताना आठवलं. कडेला कच्ची होती, मीठ चटणीतच होतं तेवढं. मी ती सगळी खाल्ली. आबा चुलीपाशी उकिडवे बसून माझ्याकडे बघत होते. इतरांच्या घरी पितर बसताना ते जे चेहरे करायचे, त्यातला एकही त्यांच्या तोंडावर नव्हता. नुसतं बघत होते. घास कसा मोडते, कसा चावते, पाणी कधी पिते. मी एरवी लाजले असते. त्या दिवशी मी सावकाश जेवले, त्यांना बघता यावं म्हणून.

"अजून एक टाकू?"

पोट भरलं होतं. "टाका," मी म्हटलं.

मी उठले, हात धुतले. गल्लीतल्या बायकाही आपापल्या चुलींकडे गेल्या. मग आबांनी ताट घेतलं. चुलीतली लाकडं विझत आली होती. परातीच्या कडेला ती पहिली, दोन तुकडे झालेली भाकर पडून होती, गार होऊन वातड झालेली. ती त्यांनी ताटात घेतली आणि चुलीपाशी, भिंतीकडे तोंड करून बसले.

"आबा, जरा तव्यावर गरम करून घ्या की," मी म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले. "कशी लागती, बघू दे मला."